‘स्थिर’ कक्षा : एका पारिभाषिक शब्दाची अडचण

अवकाशविज्ञानावरील एक मराठी उतारा परिभाषेच्या अभ्यासासाठी वर्गात घेतला असता एका विद्यार्थ्याने विचारले, ‘यान लघुग्रहाभोवती फिरत असताना त्याची कक्षा स्थिर कशी?’ प्रश्न साधा. परंतु ‘स्थिर’ या एका शब्दावर आपण किती अर्थांचा भार टाकला आहे, हे त्याने उघड केले. जे हलत नाही ते स्थिर. पृथ्वीवरून पाहता एकाच जागी दिसणारा उपग्रह भूस्थिर. आणि धक्का बसला तरी जी मोडत नाही ती कक्षाही स्थिरच. लघुग्रहाच्या बाबतीत केवळ तिसरा अर्थ अभिप्रेत आहे, आणि तो तेथे मोठ्या कष्टाने साधावा लागतो.

अमेरिकेचे ओसायरिस-रेक्स हे यान ३१ डिसेंबर २०१८ रोजी बेन्नू या लघुग्रहाभोवती फिरू लागले. बेन्नूचा व्यास सुमारे ४९० मीटर. आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील कळसूबाईच्या शिखराची समुद्रसपाटीपासूनची उंची १,६४६ मीटर आहे. तीन बेन्नू एकावर एक रचले तरी ती भरणार नाही. एवढ्याशा पिंडाचे आकर्षण ते किती असणार! यानाचा वेग सेकंदाला सुमारे ५ सेंटिमीटर, म्हणजे मुंगीच्या चालीसारखा. एका प्रदक्षिणेस सुमारे ६२ तास. कक्षेत शिरण्यासाठी इंजिने अवघी ८ सेकंद चालवावी लागली.

आकर्षण इतके दुबळे असले म्हणजे पृथ्वीजवळ सहसा जाणवत नाही असा सूर्यप्रकाशाचा दाबही प्रबळ ठरतो. कक्षेची पातळी सूर्याच्या दिशेत असेल, तर हा दाब अर्ध्या फेरीत यानाला पुढे ढकलतो व उरलेल्या अर्ध्यात मागे रेटतो. फेरीमागून फेरी वर्तुळ लांबट होत जाते आणि शेवटी यान पृष्ठभागावर आदळते किंवा कायमचे निसटते. यावर योजलेला उपाय मनोवेधक आहे. लघुग्रहाच्या दिवस-रात्रीच्या सीमेवरून यान फिरवावयाचे. या सीमेला ‘संधिरेषा’ म्हणावे असे मला वाटते. व्याकरणातील संधी आणि सायंकाळची संध्या या दोहोंशी तिचे नाते आहे. तेथे दाब कक्षेच्या पातळीला लंब पडतो. कक्षा सूर्यापासून किंचित दूर सरकते, पण लांबट होत नाही. शिवाय लघुग्रह सूर्याभोवती पुढे सरकेल तशी त्याच दाबामुळे कक्षेची पातळीही वळत राहते व सूर्याला सन्मुख राहते. ही ‘स्थिर’ कक्षा स्वतः अखंड वळत असते!

मोठ्या लघुग्रहाजवळ अडचण निराळी असते. सुमारे ३४ किलोमीटर लांबीचा इरॉस वेडावाकडा आहे. त्याच्या परिवलनाच्या दिशेनेच जवळून फिरणाऱ्या यानाला एकाच फुगवट्याची ओढ दीर्घकाळ लागते. उलट दिशेने फिरल्यास ती ओढ चटकन बदलते व तिचा परिणाम बराचसा पुसला जातो. म्हणून निअर शूमेकर यानाने २००० साली तेथे उलट्या दिशेच्या कक्षाही वापरल्या. जपानच्या हायाबुसा-२ने मात्र र्‍युगूभोवती कक्षा धरलीच नाही. ते त्यापासून सुमारे २० किलोमीटरवर इंजिनांच्या आधाराने ठाण मांडून राहिले. त्याला हवे तर ‘स्थिर’ म्हणावे.

मग कक्षेला कोणता शब्द द्यावा? ‘टिकाऊ’ हा बाजारातील वस्तूला शोभतो. आमच्या अवर्षणाच्या पट्ट्यात रब्बीची ज्वारी थोड्या ओलीवर ‘तग धरते’. वाऱ्याने डोलते, पण जात नाही, आणि एखादे पाणी वेळेवर मिळाले की सावरते. ‘तगणारी कक्षा’ या शब्दप्रयोगात हे सारे येते, कारण यानालाही अधूनमधून इंजिनांचा हलका आधार द्यावा लागतोच. बेन्नूच्या कक्षेत शिरताना ते पृथ्वीपासून सुमारे ११ कोटी किलोमीटरवर होते. संदेश पोहोचण्यास ६ मिनिटे लागत. त्यामुळे हा आधार केव्हा व किती द्यावयाचा, हे आगाऊ गणित करूनच कळवावे लागे.

असा आधार नसलेल्यांचे काय होते, तेही बेन्नूनेच दाखविले. ६ जानेवारी २०१९ रोजी त्याच्या पृष्ठभागावरून खडे उडताना यानाच्या कॅमेऱ्यांनी टिपले, आणि पुढेही असे प्रकार दिसले. काही खडे निसटून गेले; काहींनी दोन-चार दिवस प्रदक्षिणा घातल्या आणि ते पुन्हा बेन्नूवर पडले.