हुनर आहे पण कागद नाही, कागद आहे पण हुनर नाही

लग्नसराई आणि सणांचा हंगाम जवळ आला की आमच्या कापड दुकानावर काम मागणाऱ्यांची ये-जा सुरू होते. त्यांचे साधारण दोन प्रकार असतात. पहिला माणूस चाळिशीचा. वीस वर्षे मशीनवर बसलेला, कापडाला हात लावताच सूत ओळखणारा. पण चार ओळींचा अर्ज लिहायला सांगितला की दुसऱ्याकडे बघतो. दुसरा माणूस बावीस वर्षांचा, हातात पदवीची फाईल. त्याला मीटर आणि वार यातला फरक विचारला तर गप्प होतो. आम्ही दोघांनाही चहा पाजतो आणि पुष्कळदा दोघांनाही परत पाठवतो. मग संध्याकाळी गल्ल्यावर बसून आम्हीच तक्रार करतो की, हल्ली कामाची माणसे मिळत नाहीत!

वर्धा जिल्ह्यात माणसे कमी नाहीत आणि कामही अगदीच नाही असे नाही. हिंगणघाटची कापसाची बाजारपेठ, सूतगिरण्या, जिनिंग-प्रेसिंग, भूगावचा पोलाद कारखाना, देवळी आणि वर्ध्याच्या औद्योगिक वसाहती, शेजारच्या नागपूर जिल्ह्यातील बुटीबोरी, या सर्व ठिकाणी माणूस लागतो. मग अडते कुठे? आमच्या मते अडते ते एकाच ठिकाणी. काम देणाऱ्याला नेमके काय हवे ते तो सांगत नाही आणि शिकवणारा त्याला विचारत नाही.

आमची फसलेली ऑर्डर

दुसऱ्याकडे बोट दाखवण्यापूर्वी आमचीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही गणवेशाची 600 जोडांची ऑर्डर घेतली आणि शिलाई ओळखीच्या उस्ताद कारागिरांकडे दिली. शिलाई इतकी पक्की की टाका उसवायचा नाही. परंतु माल पोहोचल्यावर 90 जोड परत आले. 28 आणि 30 नंबरच्या पँटी एकमेकांत मिसळल्या होत्या आणि बाह्यांची लांबी एकसारखी नव्हती.

कारण साधे होते. आमचे उस्ताद एका गिऱ्हाईकाचे माप घेऊन एक कपडा शिवणारे. थर लावून एकदम चाळीस कपडे कापणे आणि प्रत्येक कपडा पाव इंचाच्या आत सारखा ठेवणे, ही वेगळी विद्या आहे. त्यांच्या हातात आम्ही इंग्रजीत छापलेला मापांचा तक्ता दिला आणि मोकळे झालो. त्याच वेळी आमच्याकडे हिशेबाला एक पदवीधर मुलगा होता. तो तक्ता वाचू शकत होता, पण शिलाईसाठी किती कापड सोडायचे हे त्याला ठाऊक नव्हते. म्हणजे अर्धी विद्या याच्याकडे, अर्धी त्याच्याकडे आणि दोघांना एका चटईवर बसवण्याची अक्कल आमच्याकडे नव्हती! पुढच्या ऑर्डरला आम्ही दोघांना एकत्र बसवले. प्रत्येक नंबरचे पुठ्ठ्याचे फर्मे कापून घेतले आणि मापे उर्दू व मराठीत लिहून भिंतीवर लावली. माल परत आला नाही.

कापसाची गोष्टही तीच

आपल्या जिल्ह्यात कापूस पिंजणारी घराणी आहेत. पिंजारी भाऊ मूठभर रुई ओढून पाहतो आणि धागा लांब की आखूड, माल कोरडा की ओला, ते सांगतो. ही पिढ्यांची कमाई आहे. परंतु आजचा खरेदीदार तेच मोजून मागतो. धाग्याची लांबी मिलिमीटरमध्ये, तंतूचा बारीकपणा मायक्रोनेअरमध्ये, ओलावा टक्क्यांत. हमीभावाच्या खरेदीत कापसाचा ओलावा 8 ते 12 टक्क्यांपर्यंत चालतो. 8 च्या वर गेला की भावात कपात आणि 12 च्या वर गेला की माल परत. ओलावा मोजण्याचे यंत्र आठवड्याभरात शिकता येते. बोटांची पारख यायला मात्र वीस वर्षे लागतात. तरीही नोकरी यंत्र वाचणाऱ्याला मिळते आणि पारख असलेला बाहेर गादी भरत बसतो. त्याला आठवड्याभराची विद्या कोणी दिली नाही, एवढेच त्याचे उणे.

जिनिंगमध्येही काम बदलले आहे. पूर्वी डोक्यावर ओझी वाहणारे हात लागत. आता पट्ट्यावरून कापूस जातो, प्रेसमधून 170 किलोची गठाण बाहेर पडते आणि मालकाला फिटर व इलेक्ट्रिशियन हवा असतो. तोही मुख्यतः हंगामापुरता. म्हणून ज्याला दोन कामे येतात, हंगामात जिनिंग आणि उरलेल्या महिन्यांत मोटार वाइंडिंग, तोच बाराही महिने कमावतो.

वर्ध्यातच विचार झाला होता

हात आणि पुस्तक एकत्र आणण्याचा विचार याच शहरात झाला होता, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन, जे पुढे 1967 साली राष्ट्रपती झाले. सभासदांत ख्वाजा गुलाम सय्यदैन, विनोबा आणि कुमारप्पा होते. डिसेंबर 1937 मध्ये अहवाल आला. सात वर्षांचे शिक्षण, मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफलेले. मुलाने सूत कातायचे आणि त्या सुताच्या मोजणीतूनच गणित शिकायचे.

या योजनेवर वादही खूप झाले. मुस्लिम लीगने विरोध केला. मुलांच्या हातच्या मालातून शिक्षकाचा पगार निघावा, या कल्पनेवरही टीका झाली की अशाने शाळेचा कारखाना होईल आणि मुलाची मजुरी वापरली जाईल. ही टीका आम्हाला आजही महत्त्वाची वाटते. कारण आपल्या उस्ताद-शागिर्द पद्धतीत हाच दोष शिरला आहे. कोवळ्या मुलाला शाळेतून काढायचे, दोन वर्षे चहा आणायला व काजबटणाला ठेवायचे आणि त्याला तालीम म्हणायचे, ही तालीम नव्हे. 14 वर्षांखालील मुलाला असे कामावर ठेवणे हा आता कायद्याने गुन्हाही आहे.

कायद्याने काय मिळते?

शागिर्दीची सरकारी वाट म्हणजे शिकाऊ उमेदवार अधिनियम, 1961. ज्या आस्थापनेत कंत्राटी कामगार धरून 30 किंवा अधिक माणसे आहेत, तिला मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. 4 ते 29 माणसे असतील तर ते ऐच्छिक आहे. उमेदवाराला दरमहा विद्यावेतन द्यावे लागते, लेखी करार होतो आणि शेवटी प्रमाणपत्र मिळते. 2016 साली केंद्राने सुरू केलेल्या शिकाऊ प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा 25 टक्के वाटा, महिना 1500 रुपयांच्या मर्यादेत, सरकारने उचलला. म्हणजे आपल्यातील पाच-दहा माणसांचे वर्कशॉप चालवणाऱ्यालाही ही वाट मोकळी आहे.

दोन माणसांच्या दुकानाला ही वाट नाही. पण तेथील उस्तादाला दुसरी आहे. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यांत शिंपी, सुतार, लोहार, गवंडी आणि न्हावीही आहेत. 5 ते 7 दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, त्या काळात रोज 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपये आणि 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख व नंतर 2 लाखांपर्यंत कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. पैशाइतकेच मोल मिळणाऱ्या प्रमाणपत्राचे व ओळखपत्राचे आहे. वीस वर्षांच्या हुनराला पहिल्यांदा कागद मिळतो.

आता आपण काय करावे?

आम्ही स्वतः उर्दू शाळेत शिकलो. मराठी बाजारात शिकलो आणि इंग्रजी बिलांवरून उचलली. म्हणून अनुभवाने सांगतो की, उर्दू माध्यमाच्या मुलाचे डोके कमी नसते, त्याला कामाचे शब्द कमी पडतात. आयटीआयच्या दारात तो अडखळतो तो मोजमापाच्या आणि अवजारांच्या नावांवर. दहावीच्या सुट्टीत त्याला हे दोनशे शब्द मराठी व इंग्रजीत शिकवले, तर पुढची दोन वर्षे सोपी जातील. हे काम मोहल्ल्यातील एखादा निवृत्त शिक्षक आणि एखादा मिस्त्री मिळून करू शकतात.

व्यापारी आणि मालकांना आमची विनंती अशी. माणूस हवा असेल तर 'चांगला माणूस पाहिजे' एवढेच म्हणू नका. काय यायला हवे ते पाच ओळींत लिहा. कोणते मशीन, कोणते माप, किती वाचता यावे, किती पगार आणि किती महिने. तो कागद जवळच्या आयटीआयला द्या आणि जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रातही द्या. वर्षातून एक दिवस आयटीआयच्या मुलांना आपल्या वर्कशॉपमध्ये बोलवा.

पालकांनी मुलाला कोर्सला घालण्यापूर्वी ज्याच्याकडे पुढे नोकरी करायची आहे, अशा दोन मालकांना जाऊन विचारावे की, हा कोर्स केलेला मुलगा तुम्ही ठेवाल का? उत्तर 'नाही' आले तर फी भरण्यापूर्वीच कळलेले बरे.

आमच्या दुकानात ते पुठ्ठ्याचे फर्मे अजून खिळ्याला टांगलेले आहेत. काम मागायला कोणी आला की आता आम्ही आधी त्याच्या हातात एक फर्मा देतो आणि मग कागद विचारतो. दोन्हींपैकी जे कमी असेल ते शिकवण्याची जबाबदारी आमची आहे, असे धरून चालतो. या वर्षी आपल्यापैकी प्रत्येकाने निदान एक शागिर्द लेखी कराराने आणि विद्यावेतन देऊन ठेवला, तर पुढच्या हंगामात माणसे मिळत नाहीत ही तक्रार करण्याची पाळी कमी येईल.