रस्ता एक, वेग दोन

मुंबईहून पुण्याकडे निघालेले वाहन खोपोली मागे टाकून बोरघाट चढू लागले, की द्रुतगती महामार्गावर एक दृश्य हमखास दिसते. डावीकडच्या मार्गिकेतून लोखंडी सळ्यांनी भरलेली एक मालमोटार ताशी वीस किलोमीटर वेगाने कण्हत चढत असते. तिच्यामागची मालमोटार किंचित हलकी असते. तिचा चालक मधल्या मार्गिकेत येतो आणि पुढचीला ओलांडू पाहतो. दोघींच्या वेगांत फरक असतो तो जेमतेम ताशी पाच किलोमीटरांचा. मागे मोटारगाड्यांची रांग लागते, कर्णे वाजू लागतात, दिव्यांची उघडझाप सुरू होते. अखेर एखादी मोटारगाडी मिळेल त्या फटीतून पुढे निसटते आणि जाता जाता मालमोटारीच्या नाकासमोर मुद्दाम वेग कमी करते. आत बसलेल्यांना त्यात सूड उगवल्याचे समाधान मिळते. आपण काय केले, याची त्यांना बहुधा कल्पना नसते.

हा संघर्ष केवळ बोरघाटातला नाही. तुम्ही इंदूरला असा, बेळगावला असा वा बडोद्याला, महामार्गावर तो तुम्हांला भेटलाच असेल. मोटारचालक म्हणतो, ‘हे लोक रस्ता अडवतात, आरशात पाहत नाहीत, वाकडेतिकडे घुसतात.’ मालमोटारचालक म्हणतो, ‘यांना गाडी चालवता येत नाही, नुसती पळवता येते.’ दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. परंतु एकाने दुसऱ्याच्या आसनावरून रस्ता कधी पाहिलेला नसतो.

पूर्वी स्थिती वेगळी होती. बोरघाटातला चाकांच्या वाहनांचा रस्ता १८३० साली, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, खुला झाला. पुढे त्याच वळणांवरून मोटारी धावू लागल्या. जुन्या फियाट आणि अ‍ॅम्बॅसडर गाड्या हा घाट चढताना तापत. त्यांच्या नळ्यांतून वाफ निघू लागली, की प्रवासी रस्त्याकडेला थांबून पाणी ओतत. शेजारी मालमोटारही तशीच दम खात उभी असे. दोघांचा वेग जवळजवळ सारखा असल्याने भांडायला निमित्तच नव्हते. १९८३ साली मारुती आली, १९९१ नंतर नव्या तंत्राच्या मोटारी आल्या, २००२ साली मुंबई–पुणे द्रुतगती महामार्ग संपूर्ण खुला झाला. मोटार शंभराच्या वेगाने धावू लागली. मालमोटारीची इंजिनेही सुधारली, पण त्यांच्यावरचे ओझेही वाढत गेले. २०१८ साली तर शासनानेच आसांवरील भाराची कायदेशीर मर्यादा सुमारे वीस ते पंचवीस टक्क्यांनी वाढवली. आज एकाच रस्त्यावर दोन निरनिराळे वेग नांदतात आणि तंट्याचे मूळ या फरकात आहे.

थोडा हिशेब करून पाहू. दहा चाकांची भरलेली मालमोटार साधारण अठ्ठावीस टनांची असते. तिच्या इंजिनाची शक्ती दोनशे ते अडीचशे अश्वशक्ती धरली, तर एका टनामागे सात ते नऊ अश्वशक्ती येतात. लहान मोटारीचे वजन सव्वा टन आणि शक्ती ऐंशी अश्वशक्ती. म्हणजे एका टनामागे साठाहून अधिक. सपाटीवर हा फरक फारसा जाणवत नाही, चढावर तो नागडा होतो. मालमोटारचालकाने कितीही जोर लावला, तरी घाटात त्याची गाडी पळू शकत नाही.

आता ओलांडण्याचे गणित घ्या. एका मालमोटारीने दुसरीला सुरक्षितपणे ओलांडायचे, तर दोघींची लांबी आणि पुढचे-मागचे अंतर मिळून सुमारे साठ मीटरांची आघाडी मिळवावी लागते. वेगातला फरक ताशी पाच किलोमीटर असेल, तर यासाठी पाऊण मिनिट लागते. मागे खोळंबलेल्या मोटारचालकाला ते पाऊण मिनिट युगासारखे वाटते. सपाट महामार्गावर हाच प्रकार साठ-पासष्टच्या वेगाने चालला, तर ओलांडणे पुरे होईपर्यंत पाऊण किलोमीटर रस्ता सरून जातो. त्यात २०१५ सालच्या नियमानुसार नव्या मालवाहू वाहनांना ताशी ऐंशी किलोमीटरांवर वेग रोखणारे यंत्र बसवणे सक्तीचे झाले. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण ओलांडता ओलांडता वेग थोडा वाढवून बाजू मोकळी करण्याची सोय त्यामुळे उरली नाही.

येथे मालमोटारचालकांच्या बाजूनेच सगळे बोलून चालणार नाही. ज्या चढावर पाऊण मिनिट लागणार हे ठाऊक आहे, तेथे ओलांडायचेच कशाला? द्रुतगती महामार्गावर अवजड वाहनांनी डावी मार्गिका धरावी हा नियम आहे आणि तो सर्रास मोडला जातो. साध्या महामार्गावर मात्र डावीकडचा पट्टा नावालाच असतो. तेथे उलट दिशेने येणाऱ्या दुचाक्या, उसाच्या बैलगाड्या, टपऱ्यांसमोर उभी वाहने, कडेची उखडलेली खडी हे सारे एकत्र नांदत असते. वर्षानुवर्षे अशा रस्त्यांवर गाडी चालवलेल्या माणसाला उजवीकडे सरकून राहण्याची सवय जडते आणि ती सवय तो द्रुतगती मार्गावरही घेऊन येतो.

चढापेक्षा उतार अधिक धोक्याचा असतो. काही वर्षांपूर्वी पुण्याहून मुंबईकडे मी एका मालमोटारीत चालकाशेजारी बसून आलो. लोणावळ्यानंतर त्याने गाडी अगदी खालच्या गिअरमध्ये टाकली. मागून कर्णे वाजू लागले. मी विचारले, ‘‘दादा, रस्ता मोकळा आहे, मग इतकं हळू का?’’ तो समोरची नजर न काढता म्हणाला, ‘‘साहेब, चढताना गाडी आपल्याला थांबवते. उतरताना आपण तिला थांबवायचं असतं. एकदा का सुटली, की मग ती कुणाचं ऐकत नाही.’’

त्याच्या बोलण्यामागचे शास्त्र असे. लोणावळा खोपोलीहून पाचशे मीटरांपेक्षा अधिक उंचीवर आहे. अठ्ठावीस टनांचे ओझे तेवढ्या उंचीवरून खाली येते, तेव्हा त्यातून मुक्त होणारी ऊर्जा साधारण साडेचारशे लिटर थंड पाणी उकळीला आणण्याइतकी असते. ही सारी उष्णता कोठेतरी जायला हवी. चालकाने खालचा गिअर ठेवला, तर तिचा मोठा भाग इंजिन शोषून घेते. त्याने वरचेवर ब्रेकच दाबला, तर ती ब्रेकच्या पट्ट्यांत साठते. पट्ट्या तापतात, धुमसतात आणि त्यांची पकड सुटते. ‘ब्रेक निकामी झाले’ असे वृत्तपत्रांत आपण वाचतो, त्यांतील कित्येक प्रसंगी ब्रेक तुटलेला नसतो, तापलेला असतो. डिझेल वाचवण्यासाठी काही चालक उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. हा गुन्हा तर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे तेव्हा इंजिनाची रोधशक्ती शून्य होते आणि सारा भार ब्रेकवर पडतो.

आणि मोटारगाडी समोर येऊन थांबली तर? ताशी ऐंशीच्या वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात बावीस मीटर अंतर कापते. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद जातो. मालमोटारीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. हवा नळ्यांतून मागच्या चाकांपर्यंत पोहोचायला आणखी सुमारे अर्धा सेकंद लागतो. म्हणजे चाके खऱ्या अर्थाने धरली जाण्यापूर्वीच तीस-चाळीस मीटर रस्ता संपलेला असतो, आणि थांबणे तर त्यानंतरच सुरू होते. शहाणा चालक म्हणूनच पुढे मोकळी जागा राखतो. मोटारचालकाला ती जागा आपल्यासाठी सोडलेली फट वाटते.

मालमोटारचालकाला दिसते किती, हाही प्रश्न आहे. तो उजवीकडे, उंचावर बसतो. त्यामुळे डाव्या दाराशेजारी, नाकाच्या अगदी पुढे आणि हौद्याच्या थेट मागे चालणारे वाहन त्याला दिसत नाही. ज्या मालमोटारीच्या आरशात आपल्याला तिच्या चालकाचा चेहरा दिसत नाही, त्या मालमोटारीच्या चालकाला आपणही दिसत नाही, असे समजण्यास हरकत नाही.

न दिसण्याची ही उणीव आपल्या देशाने आवाजाने भरून काढली. मालमोटारींच्या पाठीवरील ‘हॉर्न ओके प्लीज’ हे शब्द अक्षरशत्रूलाही पाठ होते. या शब्दांमुळे विनाकारण कर्णे वाजवण्यास उत्तेजन मिळते, या कारणास्तव महाराष्ट्रात २०१५ साली ते लिहिण्यास बंदी करण्यात आली. कर्णा हा रस्त्यावरील भाषेतला एकच शब्द झाला. त्या भाषेत इतरही शब्द आहेत आणि गैरसमज होतात ते येथे. पूर्वी मागच्याला पुढे जाऊ द्यायचे असेल, तर चालक खिडकीतून उजवा हात बाहेर काढून मागून पुढे हलवी. हळूहळू त्या हाताची जागा उजव्या बाजूच्या दिव्याने घेतली. पण तोच दिवा ‘मी उजवीकडे वळत आहे’ असेही सांगतो! जुना चालक ‘या, पुढे जा’ म्हणत असतो आणि नवा मोटारचालक घाबरून मागे राहतो. किंवा चालक खरोखरच वळत असतो आणि मोटारचालक आमंत्रण समजून शेजारी घुसतो. एका शब्दाचे दोन अर्थ बोलण्यात विनोद निर्माण करतात, रस्त्यावर ते माणूस मारतात.

भाषेचा मुद्दा निघाला आहे म्हणून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मालवाहू वाहनाच्या परवान्यासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती. ती २०१९ साली काढून टाकण्यात आली. शाळा सुटली तरी कसब सुटत नाही, हे त्यातून मान्य झाले, याचे मला समाधान वाटते. मात्र अट गेली, तरी प्रशिक्षणाची गरज उरतेच. पुष्कळसे चालक आजही क्लीनर म्हणून गाडीवर चढतात आणि उस्तादाच्या शेजारी बसून, त्याच्या गुणांसह दोषही उचलून, चालक होतात.

मालमोटारचालकाच्या अरेरावीमागे त्याची झोपही असते, म्हणजे तिचा अभाव असतो. १९६१ सालचा मोटार वाहतूक कामगार अधिनियम २०२५ सालापर्यंत लागू होता. त्यानुसार सामान्यतः दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती अपेक्षित होती. प्रत्यक्षात बहुसंख्य मालमोटारी एक-दोन गाड्यांच्या लहान मालकांकडे असतात आणि तेथे मोबदला खेपेवर ठरतो. खेप लवकर झाली, तर पुढची मिळते. डिझेल मोजून दिलेले असते. वाटेतला खर्च भत्त्यातून भागवायचा असतो आणि उरेल ती कमाई. थांबलेला प्रत्येक तास चालकाच्या खिशातून जातो. उन्हाळ्यात इंजिनाची धग अंगावर घेत तो बारा-चौदा तास बसलेला असतो. चालककक्ष वातानुकूलित असावा हा नियम २०२५ सालापासून तयार होणाऱ्या नव्या गाड्यांना लागू झाला, जुन्या गाड्यांतील धग तशीच राहिली. त्याच्या शेजारून जाणाऱ्या मोटारीच्या काचा बंद असतात. आतल्या माणसांना हा घामेजलेला मनुष्य उर्मट वाटतो आणि त्याला ती माणसे गर्विष्ठ वाटतात.

अपघात झाला, की या परस्परअविश्वासाचे रूप भीषण होते. आपल्याकडे चूक कोणाची हे वाहनाच्या आकारावरून ठरते: मोठ्या वाहनाचा चालक तो अपराधी. जमाव जमतो, चालकाला खाली ओढले जाते, कधी गाडी पेटवली जाते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३४ प्रमाणे चालकाने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यायची असते; पण ‘जमावाच्या प्रक्षोभामुळे’ ते शक्य नसेल तर सूट आहे. कायद्यालाही ही भीती ठाऊक आहे. अशा वेळी चालकाने जवळच्या पोलीस ठाण्यात चोवीस तासांच्या आत वर्दी द्यावी, असे तेच कलम सांगते. परंतु बहुतेक चालक पळतात ते परत न येण्यासाठीच, आणि मागे रस्त्यावर पडलेला माणूस मदतीवाचून मरतो. ही गोष्ट कोणत्याही भीतीने झाकली जात नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने भारतीय न्याय संहिता संमत केली. हयगयीने मृत्यू घडवण्याबद्दल जुन्या दंडसंहितेत कमाल दोन वर्षांची कैद होती. नव्या संहितेच्या कलम १०६ मध्ये, बेदरकारपणे वाहन चालवून मृत्यू घडवणारा आणि पोलिसांना वा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून जाणारा चालक दहा वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र ठरवण्यात आला. ‘थांबलो तर जमाव मारील, पळालो तर दहा वर्षे’ असे म्हणत १ जानेवारी २०२४ पासून अनेक राज्यांतील चालकांनी गाड्या उभ्या केल्या. त्यांत इंधनाचे टँकरही होते. दुसऱ्या दिवशी नागपूरसह अनेक शहरांतील पेट्रोल पंपांवर मोटारगाड्यांच्या लांबच लांब रांगा लागल्या. रस्त्यात आडवी येणारी अवजड वाहने त्या दिवशी जागची हलली नव्हती आणि मोटारगाड्याही जागीच खोळंबल्या होत्या. त्याच रात्री शासनाने वाहतूकदारांच्या संघटनेशी चर्चा केली आणि विचारविनिमयाविना ही तरतूद अंमलात आणणार नाही, असे सांगितले. पुढे १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली, ती हे पोटकलम वगळून.