छताआडच्या वातवाहिन्या

मुंबईतील एखाद्या व्यापारी इमारतीच्या व्यवस्थापक मंडळापुढे वर्षाचे अंदाजपत्रक मंजुरीसाठी येते, तेव्हा लिफ्ट, जनरेटर, पाण्याचे पंप, रंगकाम आणि पहारेकऱ्यांचा पगार या बाबींवर फारशी खळखळ न होता सह्या पडतात. परंतु त्याच कागदावर खाली कोठेतरी ‘डक्ट क्लीनिंग’ या नावाची रक्कम दिसली की ‘हे काय नवीन?’ असा प्रश्न निघतो आणि बहुधा ती रक्कम पुढील सालावर ढकलण्याचा ठराव एकमताने संमत होतो. यात कोणाचा कंजूषपणा आहे असे म्हणवत नाही. रंग उडालेली भिंत रोज दिसते, बंद पडलेली लिफ्ट दहाव्या मजल्यावरच्या माणसाला त्याच दिवशी दम लागेपर्यंत आपले महत्त्व पटवून देते; मात्र फॉल्स सीलिंगच्या वर, जस्त चढवलेल्या पत्र्याच्या चौकोनी बोगद्यांतून जी हवा दिवसभर फिरत असते, तिच्या वाटेवर काय साचले आहे हे त्या हवेत उभी नोकरी काढणाऱ्यालाही कधी पाहावयास मिळत नाही.

या यंत्रणेची रचना थोडक्यात अशी असते. गच्चीवर किंवा तळघरात असलेला चिलर सुमारे ७ अंश सेल्सियसपर्यंत पाणी थंड करतो; ते पाणी नळांतून प्रत्येक मजल्यावरील एका लहानशा खोलीत येते, जिथे एअर हँडलिंग युनिट, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला ‘एएचयू’, बसवलेला असतो; त्यातील पंखा कचेरीतली परतलेली हवा आणि बाहेरची थोडी ताजी हवा फिल्टरमधून ओढून गार पाण्याच्या कॉइलवरून नेतो, आणि १२ ते १४ अंशांपर्यंत उतरलेली ती हवा डक्टमधून छतावरील जाळ्यांवाटे आपल्या डोक्यावर सोडतो. वापरलेली हवा परत जाण्यासाठी मात्र बहुतेक ठिकाणी वेगळा डक्ट नसतोच. फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी आणि खुद्द एएचयूची खोली हाच तिचा परतीचा मार्ग. ज्या खोलीतून मजल्यावरच्या शंभर-दीडशे माणसांच्या श्वासाची हवा जाते, तिचा उपयोग किती इमारतींत ओले पोछे, फिनेलचे डबे, मोडक्या खुर्च्या आणि जुन्या दप्तराचे गठ्ठे ठेवण्यासाठी होतो, हे ज्याला पाहायचे असेल त्याने आपल्याच मजल्यावरचे ते दार एकदा उघडून बघावे.

या विद्येचा उगम माणसाच्या सुखासाठी झालेला नाही, हेही येथे सांगण्याजोगे आहे. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात हवेतील दमटपणामुळे कागद आकसे-पसरे आणि रंगीत छपाईचे ठसे एकमेकांवर नीट बसत नसत. विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने त्या दमटपणाचा बंदोबस्त करण्यासाठी जी योजना आखली, तीतून आजचे वातानुकूलन निघाले. आमच्याकडच्या कापडगिरण्यांतही सूत तुटू नये म्हणून खात्यांतील हवेत बाष्प राखण्याची तजवीज असे, आणि त्याच हवेत तरंगणारा कापसाचा तंतू कामगारांच्या छातीत जाऊन बसे. ज्या लोअर परळात त्या गिरण्यांचे भोंगे वाजत, तेथे आता काचेचे मनोरे उभे आहेत. हवा यंत्राने खेळवण्याची परंपरा या मातीत अशी जुनी आहे. त्या हवेच्या वाटेची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्नही तेवढाच जुना असावा.

आजच्या व्यापारी इमारतीत तो प्रश्न भाडेकराराने अधिकच गुंतागुंतीचा करून ठेवला आहे. धंद्यातली माणसे ज्याला ‘हाय साइड’ म्हणतात ती बाजू, म्हणजे चिलर, पंप आणि कूलिंग टॉवर, सामान्यतः मालकाकडे असते. ‘लो साइड’, म्हणजे मजल्यावरचा एएचयू आणि त्यापुढचे डक्ट, पुष्कळदा भाडेकरूच्या गळ्यात येते. भाडेकरू पाच-सात वर्षांत जागा सोडून जातो, नवा येतो, तो जुने विभाजन पाडतो, जिप्समचे तक्ते कापतो, प्लायवुडला रंधा मारतो, पीओपी घासतो. हे काम चालू असताना एएचयू बंद ठेवावा आणि डक्टची तोंडे प्लॅस्टिकने झाकावीत हा साधा शिरस्ता घाईत कोणी पाळत नाही, आणि पिठासारखी ती बारीक पांढरी भुकटी थेट हवेच्या वाटेत जाऊन बसते. नवा भाडेकरू कोऱ्या टेबलांवर, कोऱ्या गालिच्यावर कारभार सुरू करतो, आणि डोक्यावर मात्र मागील तीन भाडेकरूंचा वारसा बाळगून असतो. असे डक्ट उघडल्यावर त्यांत जिप्समची भुकटी, गालिच्याचे तंतू आणि कागदाचा कोंडा सापडणे हे तर मामुलीच. खिळे-स्क्रू, सिमेंटच्या पिशवीचा तुकडा किंवा कोणा कारागिराने ओढून टाकलेले विडीचे थोटूकही त्यात सापडू शकते. ताजी हवा आत घेणाऱ्या जाळीवर कबुतरांनी ठाण मांडले असेल, तर त्यांची पिसे आणि वाळलेली विष्ठा यांची भर पडते ती निराळीच.

ही घाण काढल्याने काय साधते, याचे उत्तर देताना सफाईचे कंत्राट मागायला आलेला प्रतिनिधी प्रथम आरोग्याचे नाव घेतो, आणि नेमक्या याच ठिकाणी वाचकाने थोडे सावध राहिले पाहिजे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने घरगुती डक्टविषयी दिलेल्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटले आहे की डक्ट साफ केल्याने आजार टळतात असे सिद्ध झालेले नाही; पत्र्याला चिकटून बसलेली पुष्कळशी धूळ तेथेच राहते, ती खोलीत येतेच असे नाही. छताच्या जाळीभोवती उमटलेले काळे वलय दाखवून ‘पाहा, आत किती घाण आहे’ असे सांगण्याची रीत आहे. वास्तविक ते वलय बहुतांशी खोलीतल्याच धुळीचे असते, कारण जाळीतून वेगाने सुटलेला झोत भोवतालची हवा आपल्याबरोबर ओढतो आणि तिच्यातले कण छताला घासून जातात. १९७६ साली फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात भरलेल्या अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या अधिवेशनानंतर १८२ जण न्यूमोनियासारख्या आजाराने पडले आणि २९ दगावले, त्या प्रकरणाचा दाखलाही असे प्रतिनिधी देतात. परंतु लीजनेला नावाच्या त्या जंतूची पैदास पाण्यात होते, आणि त्याचा धाक वाटत असेल तर प्रथम गच्चीवरचा कूलिंग टॉवर धुतला पाहिजे, डक्ट नव्हे.

म्हणून आरोग्याचा लाभ नाहीच असे मात्र नव्हे. कोरडी धूळ पडून राहते. ओली धूळ जिवंत होते. पावसाळ्यात मुंबईच्या किंवा पणजीच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो, आणि डक्टचा पत्रा त्याहून दहा-बारा अंशांनी थंड. त्यामुळे त्यावरचे इन्सुलेशन जेथे फाटले वा सुटले असेल, तेथे पत्र्याला घाम फुटतो. एएचयूमधील कॉइलखालचा ड्रेन ट्रे तुंबला की पाणी साचते आणि त्याचे तुषार हवेच्या ओघाबरोबर पुढे जातात. धुळीतल्या कागदाच्या आणि कातडीच्या कणांवर ही ओल पोचली की बुरशीला अन्न आणि पाणी दोन्ही एका जागी मिळते, सोमवारी सकाळी यंत्र सुरू होताच कुबट वास येतो, आणि ज्यांना दमा अथवा ॲलर्जी आहे ते शिंकू-खोकू लागतात. अशा स्थितीत सफाई अवश्य करावी, परंतु ओल कोठून येते त्याचा शोध आधी लावावा; तो न लावता केलेली सफाई पुढच्या आषाढापर्यंतही टिकत नाही. डक्टच्या आतून लावलेले काचतंतूंचे अस्तर एकदा भिजून बुरसले, तर ते धुऊन भागत नाही, काढून नवेच बसवावे लागते.

विजेच्या बचतीची गोष्टही अशीच बारकाईने समजून घ्यावी लागते. पत्र्याच्या भिंतीवरचा धुळीचा पातळ थर पंख्याला फारसा जड जात नाही. खरा अडथळा होतो तो तुंबलेल्या फिल्टरचा आणि कॉइलच्या पातळ पत्र्यांमध्ये गच्च बसलेल्या गाळाचा: हवा कमी जाते, गारवा कमी उतरतो, आणि कोणीतरी थर्मोस्टॅट आणखी दोन अंश खाली करतो. डक्टच्या सफाईबरोबर कॉइल, पंख्याची पाती आणि ट्रे धुतले गेले, तर जेथे पंख्याचा वेग कमी-जास्त करण्याची सोय आहे तेथे त्याचा लाभ बिलात उतरू शकतो, कारण पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग एक पंचमांशाने उतरवला तर वीज जवळजवळ निम्म्यावर येते. याखेरीज एक लाभ असा आहे की ज्याचा उल्लेख जाहिरातीत क्वचित असतो. माणसे छताच्या वर चढतात तेव्हा त्यांना सांध्यांतून गळणारी हवा दिसते, दबलेले इन्सुलेशन दिसते, आणि जाळीपासून निसटून फॉल्स सीलिंगवरच गार वारा सोडत बसलेली एखादी लवचीक नळीही दिसते. कोपऱ्यातल्या ज्या हिशेबनिसाने दोन वर्षे उकाड्याची तक्रार केली आणि ज्याला सर्वांनी किरकिऱ्या ठरवले, त्याची बाजू अशा वेळी खरी निघते.

परंतु मला स्वतःला या सगळ्या लाभांहून मोठा वाटतो तो आगीच्या संदर्भातला. आगीत ज्वाळेपेक्षा धूर अधिक माणसे मारतो, आणि धुराला मजल्यामागून मजला चढण्यासाठी डक्टसारखी तयार वाट दुसरी नाही. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली. जिना आणि वातानुकूलनाचे डक्ट यांच्यावाटे वर चढलेल्या धुराने ५९ प्रेक्षकांचा बळी घेतला. त्याआधी १९८० साली लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलच्या आगीत ८५ माणसे गेली, तेथेही हवेच्या मार्गांतील झडपा जशा मिटायला हव्या होत्या तशा मिटल्या नव्हत्या. या झडपा, म्हणजे फायर डॅम्पर, डक्ट जेथे अग्निरोधक भिंत ओलांडतो तेथे बसवलेल्या असतात. साध्या प्रकारात सुमारे ७२ अंशांना वितळणारा धातूचा दुवा त्यांना उघड्या धरून ठेवतो आणि तो वितळताच झडप पडते. बसवल्याच्या दिवसापासून ज्यांच्याकडे कोणी फिरकले नाही, त्या झडपांवर धूळ आणि गंज साचून त्या जागच्या जागी अडकल्या असतील तर कागदोपत्री इमारत सुरक्षित आणि प्रत्यक्षात उघडी. सफाईच्या निमित्ताने तेथवर हात पोचतो, आणि प्रत्येक झडप पाडून पाहता येते. इमारतीत उपाहारगृह असेल, तर मुदपाकखान्याच्या धुराड्याचा डक्ट हा याहूनही निकडीचा विषय आहे: तेथे धूळ नव्हे, थिजलेले तेल असते आणि तव्यावरची एक ज्वाळा त्याला पुरते. अमेरिकेतील अग्निसुरक्षा मानकाप्रमाणे अशा डक्टची तपासणी कोळशा-लाकडाच्या चुलीवर दरमहा आणि दिवसभर चालणाऱ्या मोठ्या भटारखान्यात दर तीन महिन्यांनी व्हावयास हवी.

आता काम कसे करतात ते पाहू. शनिवारी कचेरी सुटल्यावर एएचयू बंद करून टेबले-संगणक झाकतात, जाळ्या उतरवतात, आणि डक्टच्या एका टोकाला मोठे शोषणयंत्र जोडतात, ज्याच्या हेपा फिल्टरमध्ये ०.३ मायक्रॉनचे कणही ९९.९७ टक्के अडतात. मग दुसऱ्या टोकाकडून फिरता ब्रश किंवा दाबाच्या हवेने फटकारणारी नळी आत घालून सुटलेली धूळ त्या यंत्राकडे ढकलत आणतात. आतला दाब सतत कमी राहिल्याने धूळ खोलीत येत नाही. जेथे हात पोचत नाही तेथे पत्रा कापून दार करावे लागते आणि काम संपल्यावर ते हवाबंद झाकावे लागते. कॅमेऱ्याने आधीचे आणि नंतरचे चित्र घेतात. अमेरिकेतील डक्ट सफाई व्यावसायिकांच्या संघटनेच्या मानकात तर १०० चौरस सेंटिमीटर पत्र्यावर ०.७५ मिलिग्रॅमहून अधिक धूळ उरता कामा नये अशी मोजणीही सांगितली आहे. जो कंत्राटदार पाहणी न करता दूरध्वनीवरच दर सांगतो, एका रात्रीत आठ मजले उरकण्याचा वायदा करतो, किंवा सुगंधी औषधाची फवारणी हीच सफाई असे भासवतो, त्याला चहा पाजून परत पाठवावे. दरवर्षी ठरल्या तारखेला सफाई केलीच पाहिजे असेही नाही. वर्षातून एकदा आतून पाहणी करावी, फिल्टर वेळेवर बदलावेत, आणि पाहणीत गाळ, ओल, उंदीर अथवा बांधकामाची भुकटी आढळली तरच खर्च मंजूर करावा. चांगला फिल्टर आणि कोरडा ट्रे असलेल्या इमारतीत ती पाळी कित्येक वर्षांनी येते.

तेव्हा जे कोणी नव्या जागेचा करार करण्याच्या बेतात असतील, त्यांनी गालिच्याचा रंग ठरवण्यापूर्वी मालकाकडे एएचयूच्या खोलीची किल्ली मागावी, डक्टची आतून काढलेली छायाचित्रे आणि फायर डॅम्परच्या चाचणीची नोंदवही पाहावी, आणि ‘लो साइड’ची सफाई कोणी व केव्हा करावयाची हे कलम कागदावर आल्याखेरीज सही करू नये.