चैत्री यात्रेसाठी दवणा

चैत्र पौर्णिमेस वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर श्रीजोतिबास गुलाल-खोबऱ्याबरोबर दवणा वाहतात. शेवंतीच्या कुळातील ही सुगंधी वनस्पती दक्षिण भारतातील. शेवंतीसारखी ती वर्षानुवर्षे टिकत नाही. एका हंगामाचीच असते. फुले बारीक, पिवळसर व दिसावयास सामान्य. मोल आहे ते वासाचे. हार-वेण्यांत दवणा गुंफतात, त्याचे तेल अत्तरांत वापरतात.

पेरणीपासून कापणीपर्यंत सुमारे ४ महिने लागतात. म्हणून पंचांगात यात्रेची तिथी पाहून मागे मोजावे. इंग्रजी तारखेवर विसंबू नये. २०२३ साली अधिक श्रावण आला. त्यावर्षी चैत्र पौर्णिमा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात होती. २०२४ साली ती २३ एप्रिलला आली. यात्रा उलटल्यावर जुडीस गिऱ्हाईक कोठून मिळणार?

बी अतिशय बारीक असल्याने वाळूत मिसळून वाफ्यावर फेकावे व झारीने हलके पाणी द्यावे. ४ ते ६ आठवड्यांची रोपे निचऱ्याच्या जमिनीत लावावीत.

जुने बी नीट उगवत नाही. सबब यात्रेच्या घाईत सारे वाफे कापू नयेत. जोमदार झाडे बियाण्यासाठी राखावीत आणि पुरती वाळल्यावर झोडून बी कोरड्या जागी ठेवावे.