सिंहाचे गाव कसे ओळखावे?

चिनी मातीच्या सिंहांची जोडी ज्यांच्या काचेच्या कपाटात असते, ते यजमान हटकून मूर्ती उलटी करून तळचा शिक्का दाखवतात. "बघा, अस्सल बादशाही!" मी पेशाने मराठीचा मास्तर, पण या सिंहांचा मला जुना नाद. माझी नजर आधी त्यांच्या पंजाकडे आणि तोंडाकडे जाते.

कारण शिक्का हा बेभरवशाचा साक्षीदार. चिनी कारागीर जुन्या बादशहाचे नाव नव्या वस्तूवर कधी आदराने घालीत, कधी गिऱ्हाईक फसवण्यासाठी. पॅरिसच्या सॅमसन कारखान्याने तर एकोणिसाव्या शतकात चिनी-जपानी वस्तूंच्या बेमालूम नकला केल्या. इंग्रजी अक्षरे मात्र उपयोगी पडतात. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव घालणे सक्तीचे झाले. म्हणून 'चायना' किंवा 'निप्पॉन' असे इंग्रजीत लिहिलेला सिंह बहुधा त्यानंतरचा. १९२१ पासून 'निप्पॉन' जाऊन 'जपान' आले.

आता पंजा पाहा. चिनी जोडीत नराच्या पंजाखाली चेंडू असतो, मादीच्या पंजाखाली छावा. अंगावर रंग नाही, झाक दुधाळ पांढरी आणि शेजारी उदबत्ती खोचायची नळी, असे असेल तर फूजियान प्रांतातले देहुआ गाव आठवावे. हिरवा, पिवळा आणि वांगी रंग खांग्शी बादशहाच्या काळात (१६६२–१७२२) बहरले. त्यांच्या नकलाही तितक्याच झाल्या.

मग तोंड. जपानी जोडीत बहुधा एकाचे तोंड उघडे, दुसऱ्याचे मिटलेले. उघडे तोंड 'अ' म्हणते, मिटलेले 'उन्'. हा 'उन्' म्हणजे संस्कृतातला 'हूं'! आरंभ आणि अंत सांगणारे हे दोन उच्चार बौद्ध धर्माबरोबर तिथवर पोचले. या प्राण्याला जपानी लोक 'कोमाइनु', म्हणजे कोरियाचा कुत्रा, म्हणतात. चीनच्या रानात सिंह नव्हताच. न पाहिलेला प्राणी घडवताना तो थोडा कुत्र्यासारखा झाला, तर नवल काय?

पण जपानी कुंभारांनी चेंडूवाले सिंहही केले. तेव्हा एका खुणेवर निकाल देऊ नये. माती, रंग, पंजा, तोंड आणि शिक्का अशी पाचही माणसांची साक्ष घ्यावी.

आणि ही साक्ष जोडीनेच द्यायची असते. दोन्ही मूर्ती शेजारी ठेवल्या, तरच त्या एका भट्टीतल्या की एक मागून आणलेली, ते कळते. माझ्या एका स्नेह्यांच्या घरी वाटणी झाली. थोरल्याने चेंडूवाला घेतला, धाकट्याने छाव्याची आई. कुणावर अन्याय नको, एवढाच हेतू. आता भावांचे जाणे-येणे नाही, आणि जाणकारापुढे दोन्ही सिंह एकत्र येत नाहीत.

या दिवाळीत कपाट झाडताना आपली जोडी उजेडात शेजारी ठेवून पाहा. आणि वाटणीची वेळ आलीच, तर बाकी सारे खुशाल अर्धे करा. सिंह मात्र दोन्ही एकाच घरी जाऊ द्या.