अफूजन्य वेदनाशामके : मात्रा कमी करण्याचे शास्त्र आणि धोरण

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ अन्वये, आरोग्यास अपायकारक अशी मादक पेये व अमली द्रव्ये यांच्या सेवनावर बंदी आणण्यासाठी राज्याने प्रयत्न करावयाचे आहेत. मात्र औषधी प्रयोजनासाठी होणारा वापर याच अनुच्छेदाने वगळला आहे. अफूजन्य औषधांविषयीच्या धोरणाचा सारा पेच या एका अपवादात सामावलेला आहे. कर्करोगाच्या असह्य वेदना शमविणारे मॉर्फिन ज्या द्रव्यगटातील आहे, त्याच गटात हेरॉइनही मोडते. ही औषधे कोणाला व केव्हा द्यावीत याची चर्चा पुष्कळ होते. दीर्घकाळ घेतलेले औषध थांबवावयाचे कसे, हा प्रश्न मात्र उपेक्षित राहतो. रुग्णाच्या दृष्टीने तो कित्येकदा जीवनमरणाचा ठरतो.

अवलंबित्व व व्यसन यांतील भेद

मॉर्फिन, कोडीन, फेंटानिल, ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल इत्यादी औषधे मेंदू व मज्जारज्जूतील विशिष्ट ग्राहींशी जोडली जाऊन वेदनेची जाणीव मंद करतात. काही आठवडे ती नियमित घेतल्यास शरीर त्यांच्याशी जुळवून घेते. पूर्वीच्या मात्रेचा परिणाम कमी जाणवू लागतो. यास सहनशीलता म्हणतात. औषध एकाएकी बंद केल्यास शरीराचा हा समतोल ढळतो. यास शारीरिक अवलंबित्व म्हणतात. अपाय होत असूनही औषधाची अनावर ओढ वाटणे व सेवनावरील ताबा सुटणे म्हणजे व्यसन होय. डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घेणाऱ्या बहुतेक दीर्घकालीन रुग्णांत अवलंबित्व निर्माण होते. व्यसन त्यांपैकी काहींनाच जडते. हा भेद न ओळखता प्रत्येक रुग्णास व्यसनी ठरविल्यास उपचारांची दिशाच चुकते.

विथड्रॉवलची लक्षणे

औषध अचानक थांबले की त्याने दाबून ठेवलेली चेतासंस्था उसळी घेते. अस्वस्थता, घाम, जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर शहारे, स्नायुदुखी, पोटात कळा, जुलाब, उलट्या व निद्रानाश ही त्याची लक्षणे होत. अल्पकाळ परिणाम करणाऱ्या औषधांच्या बाबतीत शेवटच्या मात्रेनंतर साधारणतः ८ ते २४ तासांत ती सुरू होतात व ४ ते १० दिवस टिकतात. मेथाडोनसारख्या दीर्घपरिणामी औषधाच्या बाबतीत ती उशिरा सुरू होऊन १० ते २० दिवस राहू शकतात. निद्रानाश, उदासीनता व औषधाची ओढ त्यानंतरही रेंगाळू शकते. ही लक्षणे सहसा प्राणघातक नसतात. तथापि शरीरातील पाणी कमी होणे आणि तीव्र नैराश्य यांकडे काणाडोळा करून चालत नाही.

मात्रा कमी करण्याची पद्धत

अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, वर्षभर वा त्याहून अधिक काळ औषध घेतलेल्या रुग्णास दरमहा सुमारे १० टक्के किंवा त्याहून मंद गतीने केलेली कपात अधिक सोसते. यामागील गणित ध्यानात घेण्याजोगे आहे. कपात मूळ मात्रेच्या १० टक्के असेल, तर दहा महिन्यांत मात्रा शून्यावर येते. ती दर वेळी उरलेल्या मात्रेच्या १० टक्के असेल, तर दहा महिन्यांनंतरही मूळ मात्रेचा सुमारे ३५ टक्के भाग शिल्लक राहतो. मात्रा जसजशी लहान होते तसतशी तेवढीच कपात शरीरास मोठी वाटते; म्हणून उत्तरार्धात गती मंदावणे हिताचे ठरते. सर्वांत लहान उपलब्ध मात्रा आली की दोन मात्रांमधील अंतर वाढविले जाते.

गती ठरविताना रुग्णाची संमती महत्त्वाची असते. त्रास वाढल्यास त्याच मात्रेवर काही काळ थांबता येते. क्लोनिडीनमुळे घाम व अस्वस्थता कमी होते. जुलाब, मळमळ व अंगदुखी यांवर स्वतंत्र औषधे दिली जातात. पुरेसे पाणी, झोपेची शिस्त, हलका व्यायाम, समुपदेशन आणि कुटुंबाची साथ यांचाही उपयोग होतो. मूळ वेदनेवर भौतिकोपचार व अन्य औषधांची जोड द्यावी लागते. व्यसन जडले असल्यास ब्युप्रेनॉर्फिन वा मेथाडोनचा दीर्घ उपचार अधिक सुरक्षित ठरतो. गर्भवती स्त्रियांच्या बाबतीतही औषध तोडण्यापेक्षा असा उपचार इष्ट मानला जातो.

सर्वांत मोठा धोका प्रक्रिया पूर्ण होत आल्यावर संभवतो. मात्रा घटते तशी सहनशीलताही घटते. अशा वेळी जुनी मात्रा पुन्हा घेतल्यास श्वसन मंदावून मृत्यू ओढवू शकतो. नॅलोक्झोन वेळीच दिल्यास हा परिणाम उलटविता येतो. हा सारा बदल डॉक्टरांच्या देखरेखीखालीच का करावयाचा, याचे उत्तर यात आहे.

अमेरिकेचा धडा

अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ही औषधे सढळपणे दिली गेली व व्यसनाधीनता फोफावली. २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी सावधगिरीचा सल्ला दिला. पण विमा कंपन्या व काही राज्यांनी त्यातील मात्रेचे आकडे सक्तीची मर्यादा मानले आणि अनेक रुग्णांची औषधे झटपट तोडली गेली. एप्रिल २०१९ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाला अचानक बंद करण्यामुळे होणाऱ्या गंभीर अपायांचा इशारा द्यावा लागला. आत्महत्येच्या धोक्याचाही त्यात समावेश होता. एक लाखाहून अधिक रुग्णांच्या नोंदींवर आधारित, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्राकपातीनंतर मात्रातिरेक व मानसिक संकटाचे प्रसंग वाढल्याचे आढळले. केवळ पुरवठा आकसून मागणीमागील वेदना नाहीशी होत नाही, हा अर्थशास्त्रीय बोध त्यातून मिळतो. वैध मार्ग बंद झाला की काही रुग्ण अवैध बाजाराकडे वळतात.

भारतातील स्थिती

भारत हा वैध अफूचा पारंपरिक उत्पादक देश आहे. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात परवान्यानुसार लागवड होते. तरीही १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील किचकट परवान्यांमुळे असंख्य रुग्णांना मॉर्फिन दुर्लभ झाले. २०१४ च्या दुरुस्तीने 'अत्यावश्यक अमली औषधे' हा वर्ग निर्माण केला. २०१५ मध्ये मॉर्फिनसह सहा औषधे त्यात अधिसूचित झाली व मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठी प्रक्रिया सुलभ झाली. दुसरीकडे, गैरवापर पाहता २०१८ मध्ये ट्रामाडॉल या कायद्याच्या कक्षेत आणले गेले. केंद्र शासनाच्या २०१९ च्या सर्वेक्षण अहवालानुसार देशात सुमारे २.२६ कोटी व्यक्ती अफूजन्य द्रव्यांचे सेवन करीत होत्या.

याच कायद्याच्या कलम ६४-अ अन्वये, सेवनाच्या अथवा अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्ह्यात स्वेच्छेने मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीस खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनी आणि २०२२ मध्ये सुरू झालेली टेली-मानस (१४४१६) मार्गदर्शनासाठी आहेत.

उपलब्धता, नियंत्रण व सुरक्षित समाप्ती हे या धोरणाचे तीन पाय होत. पहिल्या दोहोंसाठी कायदा पुरतो. तिसऱ्यासाठी प्रशिक्षित डॉक्टर, नियमित भेटी व चिकाटी लागते, आणि त्यासाठी प्राथमिक आरोग्य सेवेत गुंतवणूक करावी लागते. औषध सुरू करतानाच ते थांबविण्याचा आराखडा आखणारी आरोग्यव्यवस्थाच रुग्णास वेदना व व्यसन या दोहोंपासून वाचवू शकेल.