उंबऱ्याबाहेर थांबण्याची रीत

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे मूळ रहिवासी म्हटले की आपल्याकडे अ‍ॅबोरिजिनल आणि माओरी एकाच पोत्यात भरले जातात. मुळात दोघांमध्ये सुमारे दोन हजार किलोमीटरचा टास्मान समुद्र आहे, आणि त्याहून मोठे अंतर काळाचे. ऑस्ट्रेलियात माणसाची वस्ती किमान ५० हजार वर्षांची. माओरींचे पूर्वज पूर्व पॉलिनेशियातून होड्या हाकत न्यूझीलंडला लागले ते तेराव्या शतकाच्या आसपास, इकडे देवगिरीवर यादव राज्य करत होते तेव्हा. माओरींची भाषा एक. ऑस्ट्रेलियात मात्र १७८८ साली इंग्रज उतरले त्या वेळी अडीचशेच्या वर भाषा नांदत होत्या. त्यामुळे ‘अ‍ॅबोरिजिनल लोकांत अशी प्रथा आहे’ असे कोणी सांगू लागला, की कुठल्या लोकांत, हे आधी विचारावे.

माओरींच्या हाका या सामूहिक नृत्याबद्दलचा समज रग्बीने पक्का केला आहे. डोळे वटारलेले, जीभ बाहेर, मांड्यांवर थापा. म्हणजे हे रणनृत्यच असणार! हत्यारे घेऊन करायचा लढाईचा हाका होता, त्याला पेरुपेरू म्हणतात. पण तो अनेक प्रकारांपैकी एक. हाका पाहुण्यांच्या स्वागताला होतो, लग्नात होतो, मयतालाही होतो. रग्बीमुळे जगभर गेलेला ‘का माते’ तर जीव वाचल्याच्या आनंदाचा आहे. न्गाती तोआ जमातीचा सरदार ते राउपाराहा १८२०च्या सुमारास शत्रूपासून पळताना रताळी साठवायच्या पेवात लपला होता. तिथून सुखरूप बाहेर आल्यावर त्याने तो रचला, असे सांगतात. आणि हाका पुरुषांचाच, हेही खरे नाही. माओरी पुराणात काए नावाचा माणूस तिनिराऊ या सरदाराचा लाडका देवमासा मारून खातो. काएला ओळखायची खूण म्हणजे वेडेवाकडे दात. तो हसल्याशिवाय दात दिसायचे कसे? म्हणून बायकांचा जथा जाऊन त्याच्यापुढे हाका करतो, काए हसतो आणि सापडतो. हाकाच्या सर्वांत जुन्या कथांपैकी ही एक आहे, आणि तिच्यात रणांगण कुठेच नाही.

नाकाला नाक घासतात, ही आणखी एक ऐकीव गोष्ट. घासत नाहीत; नाक आणि कपाळ क्षणभर टेकवून एकमेकांचा श्वास वाटून घेतात. याला होंगी म्हणतात, आणि ती स्वागताच्या विधीत मन मानेल तेव्हा करत नाहीत. पाहुण्याने मराएच्या, म्हणजे जमातीच्या सभास्थानाच्या, फाटकाबाहेर थांबायचे. आतून यजमान बाई आवाज देते, तेव्हाच पाऊल उचलायचे. मोठा पाहुणा असेल तर भाला फिरवत एक योद्धा पुढे येतो आणि एखादी डहाळी जमिनीवर ठेवतो. ती उचलली की पाहुणा सलोख्याने आला आहे हे ठरते. पर्यटकांना हा धमकीचा खेळ वाटतो. खरे तर ती विचारपूस आहे. भाषणे, गाणी झाल्यावर होंगी, मग जेवण.

या रीतीचा एक धागा थेट ऑस्ट्रेलियात पोचतो. १९७६ साली पर्थच्या कला महोत्सवात न्यूझीलंड आणि कुक बेटांचे नर्तक आले होते. इथल्या भूमीच्या लोकांनी आमचे स्वागत केल्याशिवाय आम्ही कार्यक्रम करणार नाही, असे ते म्हणाले. तेव्हा रिचर्ड वॉली आणि अर्नी डिंगो या अ‍ॅबोरिजिनल कलाकारांनी स्वागत केले. आज सामन्यांच्या आणि सभांच्या आधी होणाऱ्या ‘वेलकम टू कंट्री’चे आधुनिक रूप साधारण असे घडले. एवढ्यावरून ‘हे सगळे १९७६मध्ये बनवलेले’ असा निष्कर्ष काढणारे ऑस्ट्रेलियातच पुष्कळ आहेत. मंचावरचे रूप नवे आहे खरे. पण परक्या मुलखाच्या सीमेवर थांबून परवानगी मिळाल्यावरच आत शिरण्याची चाल अनेक जमातींत फार जुनी. शिवाय हे स्वागत ऑस्ट्रेलिया देशात नव्हे, तर त्या विशिष्ट जमातीच्या भूमीवर असते, म्हणून ते त्याच जमातीच्या माणसाने करायचे. बाकीच्यांनी नुसता आदर व्यक्त करायचा. नोव्हेंबर २०२०मध्ये सिडनीच्या एकदिवसीय सामन्याआधी भारताचे आणि ऑस्ट्रेलियाचे खेळाडू अनवाणी गोलात उभे राहिले होते, ते अशा आदरापोटीच.

ठिपक्यांची चित्रे हजारो वर्षांपासून अशीच काढतात, असे स्मरणवस्तूंच्या दुकानांत हमखास ऐकवतात. वाळूवरच्या आणि अंगावरच्या खुणा प्राचीनच. पण फळ्यांवर अ‍ॅक्रिलिक रंगांनी चित्रे काढण्याची चळवळ १९७१ साली मध्य ऑस्ट्रेलियातल्या पापुन्या इथे सुरू झाली. सुरुवातीच्या चित्रांत परक्यांनी पाहू नयेत अशा गोष्टी उघड होत आहेत, अशी तक्रार झाली, आणि पुढे ठिपक्यांच्या दाट थरांनी त्या झाकल्या जाऊ लागल्या. कोणती कथा कोणी रंगवायची हे नात्यागोत्यावर ठरते. व्हिएतनाममध्ये विणलेल्या गालिच्यांवर आदिवासी चित्रकारांची चित्रे न विचारता उतरवली गेली, तेव्हा १९९४ साली ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाने चित्रकारांच्या बाजूने निकाल दिला.

त्याच दुकानांत मिळणारे डिजरिडू हे वाद्य मूळचे फक्त उत्तरेकडचे. आणि शिकारीचे बहुतेक बूमरँग परत येत नाहीत.

राहता राहिला उलुरू, मध्य ऑस्ट्रेलियातला प्रचंड खडक. पवित्र म्हणून त्यावर चढायला बंदी घातली, हे अर्धेच उत्तर. २६ ऑक्टोबर २०१९ला चढाई बंद होईपर्यंत तिथे ३५हून अधिक पर्यटक दगावले होते, आणि आपल्या भूमीवर आलेल्या पाहुण्याचे बरेवाईट झाले तर त्याचा भार आपल्यावर, असे तिथले अनांगू लोक मानतात. त्यामुळे चढू नका अशी विनंती ते कितीतरी वर्षे आधीपासून करत होते. पायथ्याभोवतीची सुमारे १० किलोमीटरची वाट मात्र खुली आहे. तिच्यावर काही ठिकाणी फोटो काढू नयेत असे फलक आहेत.